"ही नव्हे, दुसरी आणायची होती!" : यमाच्या कचेरीतून परत आलेली आजी आणि काहीच न पाहिलेले बाबा

लष्करवाली (रविवार, रात्री ९:४०)

परवा नरकचतुर्दशीला पहाटे बाबांना घेऊन फूलबागेत जाऊन आले. ग्वाल्हेरबाहेरच्यांसाठी सांगते, फूलबागेपाशी मार्कंडेश्वराचं देऊळ आहे आणि तिथे चक्क यमराजाची मूर्ती आहे. नरकचतुर्दशीला त्याला तेलाचा अभिषेक होतो, चौमुखी दिवा लावतात. आमच्या आजीने हा दिवस कधी चुकवला नाही. "ओळख ठेवलेली बरी, पुढच्या वेळी रांगेत उभं राहावं लागत नाही," असं म्हणायची. पुढच्या वेळी, कारण एकदा ती जाऊन आली होती.

साल १९५८. जनकगंजातला आमचा वाडा. आजी अठ्ठावीस-तीस वर्षांची, मुदतीचा ताप (टायफॉइड), तिसरा आठवडा. घरी येणारे डॉक्टर एका संध्याकाळी म्हणाले, आटोपलं. तिला भुईवर घेतलं, तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. माझे बाबा पाच वर्षांचे, त्यांना शेजारच्या काकूंनी उचलून ओट्यावर नेऊन बसवलं. पुरुषमंडळी सामान आणायला गेली. आणि आजीची बोटं हलली.

नंतर चाळीस वर्षं तिने जे सांगितलं ते असं: दोन काळे पुरुष आले, मनगट धरून चालवत नेलं. रस्ता अंधारा, पण ठेच लागली नाही. मोठा वाडा, आत तक्त्यावर मुनीम, पुढ्यात खातेवही. मुनिमाने पान उलटलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्या दोघांवर खेकसला, "ही नव्हे, दुसरी आणायची होती! सोडून या." मागून धक्का बसला आणि डोळे उघडले तर समोर सासूबाई रडत होत्या. सगळ्या जगाला माहीत असलेला शेवटचा तुकडा असा की त्याच रात्री दुसऱ्या आळीत आजीच्याच नावाची एक बाई गेली.

आता बाबा. वय ७१, एजी ऑफिसातून (सरकारी हिशेब तपासणारी महालेखाकारांची कचेरी) निवृत्त, जन्मभर ऑडिट. या फेब्रुवारीत हार्ट अटॅक आला आणि आयसीयूत डोळ्यांदेखत हृदय थांबलं. सहा मिनिटं छाती दाबली, शॉक दिले, तीन बरगड्या मोडल्या, आणि परत आले. आठवड्याने नातेवाईक डाळिंबं आणि एकच प्रश्न घेऊन रांगेने भेटायला आले: काय दिसलं?

बाबा म्हणाले, "काही नाही. दिवा बंद झाला, दिवा लागला."

धाकटी आत्या चक्क नाराज झाली. "आईच्या पोटचा ना तू?" म्हणाली.

तर माझा प्रश्न. एकीला अख्खी कचेरी दिसते आणि तिच्याच मुलाला काहीच नाही, हे कसं? धर्म, विज्ञान, मानवशास्त्र, ज्याच्याकडे जे असेल ते सांगा. वाद घाला, एकमेकांचे आईबाप काढू नका.

गजकवाला (रविवार, रात्री ९:५२)

वाचतोय. अवांतर: फूलबागेतून परतताना बेडई खाल्ली की नाही?

लष्करवाली (रविवार, रात्री ९:५५)

मी खाल्ली. बाबांना बंद आहे. ते गाडीच्या काचेतून कढईकडे बघत होते, त्यांचा खरा मृत्यूसमीप अनुभव तोच.

भूलवाला (रविवार, रात्री १०:३०)

मी भूलतज्ज्ञ. ग्वाल्हेरच्या गजराराजा मेडिकल कॉलेजचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात.

आधी बाबांबद्दल, कारण ते नॉर्मल आहेत आणि घरचे त्यांना नापास करतायत. २००१ साली पिम व्हॅन लोमेल आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्समधल्या १० हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. हृदय थांबून परत आलेले ३४४ रुग्ण. त्यांतल्या ६२ जणांनी काहीतरी अनुभव सांगितला, म्हणजे १८ टक्के. उरलेल्या ८२ टक्क्यांचं उत्तर तुमच्या बाबांसारखंच. आणि हृदय किती वेळ बंद होतं, कुठली औषधं दिली, माणूस मरणाला आधी घाबरत होता का, यांपैकी कशाचाही अनुभव येण्याशी संबंध सापडला नाही. लोमेल स्वतः जाणीव मेंदूपलीकडची आहे या बाजूचे झाले, ते बऱ्याच डॉक्टरांना पटत नाही. पण आकडे प्रामाणिक आहेत.

दुसरं, हृदय थांबणं आणि मरण एक नव्हे. रक्त थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध जाते, मेंदूच्या वरच्या थराची विद्युतरेषाही त्याच सुमारास सपाट होते. पेशी मात्र लगेच मरत नाहीत. त्या मधल्या वेळात काय चालतं, याच्यावर सगळं भांडण आहे. (जाता जाता: मॉनिटरवर रेघ सरळ झाली की शॉक देत नाहीत, तसं सिनेमात देतात. शॉक देतात ते हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा. बाबांचं तसंच झालं असणार.)

२०१३ मध्ये मिशिगनला जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने नऊ उंदरांची हृदयं थांबवून मेंदू मोजला. पहिल्या तीसेक सेकंदांत शांतता येण्याऐवजी गॅमा लहरींचा (मेंदूतल्या वेगवान विद्युतलहरींचा) भडका उडाला, जागेपणीपेक्षाही जास्त सुसूत्र. २०२३ मध्ये त्यांनीच व्हेंटिलेटर काढलेल्या चार कोमातल्या रुग्णांच्या नोंदी छापल्या. दोघांत तसा भडका दिसला, दोघांत नाही. पण ते चौघेही गेले. त्यांना काही दिसलं का, हे विचारायला कुणी उरलं नाही.

बोगद्याचं म्हणाल तर लढाऊ वैमानिकांना विचारा. जोरदार वळणात डोक्यातलं रक्त उतरतं तेव्हा नजर कडेकडून काळी होत मधोमध उजेड उरतो. डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडलं की असं होतं.

शंकासुर (रविवार, रात्री ११:०५)

डॉक्टरांना अनुमोदन. आता आजीच्या केसचं पोस्टमॉर्टेम. (हलकेच घ्या.)

१. १९५८ सालच्या घरात 'आटोपलं' कशावरून ठरलं? नाडी लागत नाही आणि श्वास दिसत नाही एवढ्यावरून. विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात माणूस डोळे अर्धे उघडे ठेवून पुटपुटत पडतो, पांघरूण चिवडतो. आपल्याकडे 'तापात वात झाला' म्हणतात तेच. टायफॉइड या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्दच धूर, धुंदी अशा अर्थाचा आहे. आजी मेलीच नव्हती. खूप आजारी होती आणि बरी झाली.

२. त्याच नावाची दुसरी बाई. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात त्या काळी आळीआळीत त्या नावाच्या किती बायका असतील? धागाकर्तीने ही दुसरी बाई कोण ते शोधलं का?

लष्करवाली (रविवार, रात्री ११:२०)

शोधलं. तिन्ही आत्यांना फोन केले. थोरली म्हणते दौलतगंजातली. मधली म्हणते नई सडकेवरची. धाकटी म्हणते आमच्याच वाड्यामागची, आणि "तू काय पोलीस आहेस का?"

शंकासुर (रविवार, रात्री ११:२२)

माझं म्हणणं संपलं.

हरिदासी_परंपरा (सोमवार, सकाळी ६:१०)

आपण ढोलीबुवांच्या मठात कीर्तनं ऐकत मोठे झालो, तेव्हा माझा पाट वेगळा मांडा.

धागा वाचून रात्री झोप नाही. कारण शंकासुरांच्या आधी मलाच आजींची गोष्ट अडते. गरुडपुराणात चित्रगुप्ताच्या वहीत चूक नाही. चूक झाली तर कर्मसिद्धांताचा पायाच गेला! शास्त्रात परत येणारे पुष्कळ आहेत, पण कारकुनी चुकीने आलेलं माझ्या ऐकिवात कुणी नाही. सत्यवान आला तो सावित्रीच्या वादविवादाने. मार्कंडेय राहिला तो शिवाने यमाला अडवलं म्हणून, त्याच्याच नावाच्या देवळात तुम्ही परवा तेल वाहिलंत. नचिकेत तर जिवंतच गेला, आणि गंमत बघा, यम घरी नव्हता. पोर तीन रात्री दारात उपाशी. साहेब जागेवर नाहीत, नंतर या! त्या दिरंगाईची भरपाई म्हणून तीन वर.

आजींच्या गोष्टीला सर्वांत जवळचा म्हणाल तर अजामेळ. मरताना मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली, यमदूत न्यायला आलेले, तेवढ्यात विष्णुदूत आडवे आले, आणि अजामेळ अंथरुणावर उठून बसला. त्याने दोन्हीकडच्या दूतांचं भांडण ऐकलं होतं. भागवताच्या सहाव्या स्कंधात पुढे काय, तर हात हलवत परतलेले यमदूत यमालाच विचारतात, महाराज, या जगात शासन करणारे आहेत तरी किती? म्हणजे इथे दूत चुकतात, पण नावात नव्हे, हद्दीत. पोलीस ठाण्यासारखं.

आपल्या मराठीतलं म्हणाल तर नेवाशाचे सच्चिदानंदबाबा. प्रेत निघालेलं, पत्नीने वाटेत ज्ञानोबांना नमस्कार केला, तोंडून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद गेला, तो खरा करावा लागला. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत लेखकु म्हणून नाव आहे ते त्यांचंच. पण मधल्या वेळात बाबांनी काय पाहिलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नऊ हजार ओव्या लिहून घेतल्या, स्वतःवर एक ओळ नाही. मला वाटतं, आपल्या परंपरेला 'तिकडे काय दिसलं' यात फारसा रस नाही. परत येऊन काय केलंस, एवढंच विचारतात.

तेव्हा आजींचा मुनीम मला शास्त्रात सापडत नाही. मग तो आला कुठून?

पुणेकर_नसलेला (सोमवार, सकाळी ९:००)

तुकोबांनी आपलं मरण डोळ्यांनी पाहिलंच होतं की.

हरिदासी_परंपरा (सोमवार, सकाळी ९:१५)

ते मीपणाचं मरण. त्याला आयसीयू लागत नाही. मदुरेत सोळा वर्षांच्या वेंकटरमणाने, म्हणजे पुढच्या रमण महर्षींनी, १८९६ साली धडधाकट असताना जमिनीवर प्रेतासारखं पडून जे पाहिलं तेही त्याच वाटेचं. इथे मिसळू नका.

वाकडी_वाट (सोमवार, दुपारी १:४०)

हरिदासींच्या 'आला कुठून'साठीच लॉगिन केलं. बडोद्याला मानवशास्त्र शिकवते.

मुनीम शास्त्रातून आला नसेल, पण एकट्या आजीचाही नाही. १९८६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन यांनी भारतातल्या १६ केसेस छापल्या. साचा पुन्हा पुन्हा हाच: दूत नेतात, वही घेतलेला माणूस असतो, चूक लक्षात येते, परत पाठवतात. त्याच नावाचा दुसरा कुणी गेल्याचंही काहींत सांगतात. अमेरिकेत रेमंड मूडी यांनी १९७५ मध्ये हा विषय घराघरांत नेला, तिथल्या गोष्टींत बोगदा, उजेड, गेलेले नातलग, आणि परत यायचं कारण 'तुझं काम अजून बाकी आहे' किंवा मुलांची ओढ. आपल्याकडे कारण काय, तर प्रशासकीय गलथानपणा. आपण हसतो, पण याच्यात एक मोठा दिलासा आहे. मेलेला माणूस परत आला यात त्याचं पुण्य नाही, पाप नाही, कुणाचे उपकार नाहीत. भूताखेताचा संशय नाही. चूक झाली, दुरुस्त झाली, चला स्वयंपाकाला लागा. प्रेत म्हणून भुईवर घेतलेल्या बाईला पुन्हा सून म्हणून घरात घ्यायचं तर असं कागदपत्र लागतंच.

आता थांबा. 'म्हणजे आपल्या सरकारी कारभाराची सावली' असं म्हणून मीही बरीच वर्षं मोकळी होत होते. मग जुनं युरोपीय वाचलं. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी एका स्टीफनची गोष्ट सांगतात. तो कॉन्स्टँटिनोपलला मेला, न्यायाधीशापुढे नेला, न्यायाधीश म्हणाला, हा नव्हे, मी स्टीफन लोहार आणायला सांगितला होता. स्टीफन उठला, शेजारचा लोहार गेला. त्याआधी पाचव्या शतकात संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या कुर्माची हीच गोष्ट लिहितात: नगरसभेतला कुर्मा परत, लोहार कुर्मा गेला. आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, लूशियन नावाच्या ग्रीक विनोदी लेखकाने थापाड्यांची टर उडवताना एका पात्राच्या तोंडी घातलंय की पाताळाच्या राजाने मला परत पाठवलं आणि शेजारच्या लोहाराला न्यायला सांगितलं.

तिन्ही वेळा लोहारच! म्हणजे गोष्ट प्रवास करते, आणि ऑगस्टीनच्या सुमारे अडीचशे वर्षं आधी ती चेष्टेचा विषय होण्याइतकी जुनी झाली होती.

तरीही 'सगळं ऐकीव' म्हणून हात झटकता येत नाहीत. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर डोरोथी काउंट्स यांनी कालियाई लोकांच्या केसेस नोंदवल्या. त्यांच्या परलोकात कारखाने आणि मोठे रस्ते होते. बोगदा नाही. त्यांच्या मनात स्वर्ग म्हणजे गोऱ्यांच्या मालाची सुबत्ता. ॲलन केलहिअर यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या नोंदी एकत्र लावून दाखवलं की बोगदा आणि 'आयुष्याचा चित्रपट' सगळीकडे नाहीत, पण दुसऱ्या जागी जाणं आणि तिथे कुणीतरी भेटणं हे जवळजवळ सगळीकडे आहे. उलट बाजूने सुझन ब्लॅकमोर यांनी भारतातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पत्रं मागवली, तर काही भारतीयांनीही अंधारी पोकळी, बोगदा लिहून पाठवला. त्या मात्र इंग्रजी वाचणाऱ्यांच्या गोष्टी.

म्हणून माझा प्रश्न लष्करवालींना. आजीने चाळीस वर्षं सांगितलं म्हणता. पहिल्या वर्षी काय सांगितलं होतं? आपल्या हातात अनुभव कधीच येत नाही, सांगणं येतं, आणि सांगण्याला वय असतं. ते आठवणारं कुणी आहे?

शंकासुर (सोमवार, दुपारी २:०५)

वाचनखूण साठवली. लोहारांची संघटना असती तर मोर्चा काढला असता.

तिघरा_रिटर्न (सोमवार, रात्री ८:२०)

मी फारसा लिहीत नाही. १९९४ मध्ये कॉलेजची मुलं ग्वाल्हेरजवळ तिघऱ्याच्या धरणावर गेलो होतो, मी पोहायला उतरलो आणि पायात गोळा आला. तीनदा खाली गेलो. दुसऱ्यांदा मी हातपाय मारणं सोडलं, आणि भीतीही सुटली. पाण्यातून वर हिरवट उजेड दिसत होता. मग चित्रं सुरू झाली, पण क्रमाने नाही: शाळेची सहामाहीची उत्तरपत्रिका, आईचं निळं लुगडं, मी एकदा एका मित्राला चोर म्हटलं होतं ते. ते सगळ्यांत स्पष्ट, आणि या वेळी मी त्या मित्राच्या जागी होतो. मित्रांनी केसांना धरून ओढलं.

यमदूत नाही, मुनीम नाही. मला वाटायचं मी वेडा आहे. मग कुठेतरी वाचलं की वाऱ्याच्या वेगाची मोजपट्टी ज्याच्या नावाने आहे तो ब्यूफर्ट १७९१ मध्ये पोर्ट्समथच्या बंदरात बुडता बुडता वाचला आणि त्याने हेच लिहिलंय, भीती गेली आणि आयुष्य मागे मागे उलगडत गेलं. आल्प्समध्ये १८७१ साली कड्यावरून पडलेला भूगर्भशास्त्रज्ञ अल्बर्ट हाइम याने नंतर, १८९२ मध्ये, पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे असेच अनुभव छापले. माझं हृदय थांबलं नव्हतं, मेंदूला रक्त मिळत होतं. तेव्हा डॉक्टर, सगळं ऑक्सिजनवर ढकलू नका.

त्या मित्राला मी भेटलो नंतर. त्याला ती गोष्ट आठवतच नव्हती.

भूलवाला (सोमवार, रात्री ९:१०)

मान्य. ऑक्सिजन हे सगळ्या कुलपांची किल्ली नाही. पडणारा गिर्यारोहक तर पूर्ण श्वास घेत असतो. केटामिन या आमच्या रोजच्या औषधानेही शरीराबाहेर गेल्यासारखं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांनी अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत कानामागच्या भागात वीज दिली तेव्हा तिला आपण छताजवळून स्वतःला बघतोय असं वाटलं, ते २००२ मध्ये छापलंय. पण 'वाटतं' हे सिद्ध करणं सोपं, 'खरंच वरून दिसतं' हे तपासणं अवघड.

तेही तपासून झालंय. सॅम पार्निया यांनी १५ हॉस्पिटलांत छताजवळ फळ्या ठोकून वर चित्रं ठेवली, जी फक्त वरून दिसतील. २०१४ मध्ये निकाल आला: २०६० वेळा हृदय थांबलं, त्यांतल्या १४० जणांशी बोलता आलं. आणि ७८ टक्के प्रसंग घडले ते फळी नसलेल्या खोल्यांत! ज्या एका माणसाने आजूबाजूचं नेमकं वर्णन केलं, त्याच्या खोलीतही फळी नव्हती. २०२३ चा पुढचा अभ्यास ५६७ प्रसंगांचा, त्यात जगले ५३, बोलता आलं २८ जणांशी, काहीतरी आठवत होतं ११ जणांना. चित्र कुणीही ओळखलं नाही. मात्र छाती दाबणं चालू असताना तासाभरापर्यंतही मधूनमधून मेंदूत जागेपणासारख्या लहरी दिसल्या. मी हे वाचल्यापासून सीपीआर चालू असताना जपून बोलतो.

सिस्टर_अलकापुरी (सोमवार, रात्री ११:५०)

नाइटवरून लिहितेय. बडोद्यात आयसीयूत १७ वर्षं.

आमच्याकडे फळ्या नाहीत, पण पेशंट सांगतात ते ऐकायला वेळ मिळतो, कारण डॉक्टर राउंड घेऊन जातात. एक फरक मला कुणी शिकवला नव्हता, तो हळूहळू कळला. आयसीयूतला भ्रम तुटक असतो आणि भीतीचा असतो. भिंतीवर मुंग्या, सिस्टर विष देतेय, मला गाडीत कोंबलंय. घरी गेल्यावर पेशंट त्याच्याबद्दल लाजतात. जे दुसरं सांगतात ते सलग असतं, आणि वर्षाने तपासणीला आले तरी तसंच सांगतात. ते काय असतं मला माहीत नाही. मी दोन्हींना चहा विचारते.

गुजराती पेशंटांना जमराज दिसतो, मागे एक ख्रिश्चन आजोबा होते त्यांना चर्चची पायरी दिसली. पण एक गोष्ट मी बऱ्याच जणांकडून ऐकली, "कुणीतरी हात धरला होता." त्यावर मी कधी बोलत नाही, कारण बहुतेक वेळा तो हात माझा असतो.

लष्करवाली (मंगळवार, रात्री १०:१५)

सगळ्यांना दंडवत. अख्खा धागा छापून बाबांना दिला. त्यांनी हिरवी शाई काढली. (एजीतली माणसं घरातही लाल-हिरव्या शाईने टिपा मारतात, ज्यांच्या घरी आहेत त्यांना कळेल.)

टीप पहिली, स्वतःबद्दल. "तिसऱ्या दिवशी मला आयसीयूच्या छताला आमची रेकॉर्ड रूम दिसत होती. रॅक, गठ्ठे, वरच्या गठ्ठ्याला लाल फीत. कोणीतरी मागणी पत्र घेऊन उभं होतं आणि मला फाइल सापडत नव्हती. पण ही नोंद तिसऱ्या दिवसाची. ती सहा मिनिटांच्या खात्यात दाखवता येत नाही. म्हणून कुणाला सांगितलं नाही." मी म्हटलं, बाबा, सांगितलं असतंत तर आत्या खूश झाली असती. म्हणाले, "तेच तर. खूश करायला नोंद फिरवायची का?"

टीप दुसरी, वाकडी_वाट यांच्या प्रश्नासमोर. हे मला माहीत नव्हतं. बाबा म्हणतात मुनीम आधी नव्हता. ते शाळेत होते तेव्हा आजी एवढंच सांगायची की कुणीतरी मनगट धरून नेत होतं आणि मग सोडलं. वाडा नंतर आला. खातेवही त्यांना नक्की आठवते: ते १९७६ मध्ये एजीत लागले, त्या दिवाळीला आजीने शेजारणींना सांगताना पहिल्यांदा मुनिमाच्या हातात वही दिली. "मी ओट्यावरून उठून आत गेलो. माझ्या नोकरीचं कौतुक असं चाललं होतं, त्यात आक्षेप काय काढणार?"

मी विचारलं, म्हणजे सगळं खोटं? त्यावर त्यांनी हिरव्या पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, मनगट पहिल्यापासून होतं.

सिस्टर_अलकापुरी (मंगळवार, रात्री १०:४०)

लष्करवाली, एक विचारू? आजींना 'आटोपलं' म्हणायच्या आधी ते डॉक्टर नाडी बघत बसले असतील ना? बराच वेळ?

लष्करवाली (बुधवार, सकाळी ७:३०)

बाबांना विचारलं. ते तेव्हा ओट्यावर होते, त्यांना आतलं दिसलं नाही. थोरल्या आत्याला फोन केला, ती तेव्हा नऊ वर्षांची, आत होती. ती म्हणते डॉक्टर खूप वेळ हात धरून बसले होते, आणि मग त्यांनी तो हळूच चटईवर ठेवला.

आणि दौलतगंजातलीच होती, असंही पुन्हा सांगितलं.